जडावाला वाहन लागतं

पनवेलच्या सुताराचं नाव एके काळी घाटावर पोचलं ते चाकांमुळे. मुंबईहून निघालेला माणूस आणि माल गलबतातून पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि तिथून बैलगाडीनं बोरघाट चढून पुण्याच्या वाटेला लागायचा. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली रेल्वे तोच घाट चढून गेली. पण गाड्यांची रहदारी त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकली. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअरनं या गावाचा मुख्य उद्योग म्हणून गाडीच्या चाकांचीच नोंद केली आहे. चाक ही सुतारकामातली कठीण परीक्षा. मधला तुंबा, त्यात घट्ट बसलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवरचे पुठ्ठे, आणि तापवून चढवलेली, गार होताना सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी घाटातल्या पहिल्या खडकावर ती बोलून दाखवणार. जडावकामासाठी पनवेलचं नाव कधी कुणी घेतलेलं नाही. तरीही लाकडी जडावाच्या आजच्या अवस्थेचा विचार इथूनच सुरू करावासा वाटतो. जडावाबद्दल लिहिताना आपण नक्षीकडे बघत राहतो आणि ती नक्षी कशावर बसली आहे हे विसरतो. चाकांच्या गावात हे विसरणं जरा अवघड आहे.

आपल्या मुलखातल्या जडावाचा सर्वांत बारीक नमुना म्हणजे साडेली. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जगभर गेलेल्या ‘बॉम्बे बॉक्स’ नावाच्या पेट्यांवर ती दिसते. दुरून पाहिलं तर झाकणावर एखादं बारीक विणीचं कापड ताणून बसवलंय असं वाटतं. जवळून पाहिलं की त्या विणीच्या चांदण्या होतात, आणि चांदणी आणखी जवळून पाहिली की तिचे त्रिकोण सुटे दिसू लागतात: एक हस्तिदंताचा, एक आबनूसचा काळा, एक पतंगाच्या लाकडाचा तांबूस, एक हिरव्या रंगवलेल्या हस्तिदंताचा, आणि मधून चमकणारा एक कथलाचा. हे त्रिकोण कुणी एकेक करून झाकणावर बसवलेले नसतात. कारागीर आधी या सगळ्या जिनसांच्या लांब काड्या काढतो, बहुतेक तिधारी, काही चौकोनी, काही गोल. त्या सरसानं एकत्र चिकटवून, दोऱ्यानं आवळून तो एक जाड दांडी तयार करतो, आणि दांडीच्या आडव्या छेदात नक्षी आपोआप उमटते. मग बारीक दातांच्या करवतीनं त्या दांडीच्या पातळ चकत्या कापायच्या. एका दांडीतून निघणारी प्रत्येक चकती म्हणजे तीच चांदणी. अशा चकत्या शेजारीशेजारी चिकटवल्या, घासून सपाट केल्या, त्यांच्याभोवती हस्तिदंताची आणि आबनूसची सरळ पट्टी फिरवली की झाकण पुरं होतं. लाकडात खोबण करून तुकडा बसवणं हा जडावाचा नेहमीचा अर्थ घेतला तर साडेली त्यात पूर्ण बसत नाही. ती पृष्ठभागावर चढवलेली असते. पण कसब तेच आहे. दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू अशा जोडायच्या की बोट फिरवलं तर सांधा लागू नये.

या कलेचा प्रवास जॉर्ज बर्डवुडनं लिहून ठेवला आहे. हा बर्डवुड बेळगावात जन्मलेला. मुंबईचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, उभं करण्यात त्याचा मोठा हात होता. १८८० साली आलेल्या भारतीय हस्तोद्योगांवरच्या त्याच्या ग्रंथात त्यानं मुंबईच्या या कामाचं कूळ शिराझपर्यंत नेलं आहे: इराणातून सिंधमध्ये, तिथून सुरतेत आणि मुंबईत. त्याच्या सनावळीबद्दल वाद घालता येईल, नात्याबद्दल नाही. इराणातलं खातमकाम आणि आपली साडेली शेजारी ठेवली की तीच तिधारी काडी, तीच दांडी, तीच चकती दिसते. तिकडे पितळ आणि हाड जास्त, इकडे कथील आणि हस्तिदंत. मात्र या प्रवासात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. प्रत्येक मुक्कामावर नक्षी जवळपास तीच राहिली आणि तिच्याखालची वस्तू बदलली. इराणात खातमकाम लेखणीच्या पेटीवर आणि दरवाजांवर चढलं. तेहरानच्या मरमर महालात तर विसाव्या शतकात अख्खं दालन त्यानं मढवलं गेलं. मुंबईत आल्यावर साडेली इंग्रज घरांतल्या वस्तूंवर बसली: भेटकार्डांची डबी, शिवणकामाची पेटी, उतरत्या झाकणाची लिहिण्याची पेटी, हातमोजे ठेवायची लांबट पेटी. आतून चंदनाचं अस्तर, म्हणजे झाकण उघडताच वास यावा. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या पेट्या झळकल्या आणि नंतरच्या काही दशकांत त्या मुंबईची ओळखच बनल्या. एखाद्या बाईच्या घरी भेटीला गेल्यावर आधी कार्ड पाठवायची जी व्हिक्टोरियन रीत होती, तिनं साडेलीला पोसलं. ती रीत मागे पडली तेव्हा कार्डाची डबी अडगळ झाली, आणि डबीबरोबर चांदणीही.

देवांना वाहन असतं, तसं जडावाला लागतं. स्वतःच्या पायांवर तो कुठेच जात नाही. एखाद्या वस्तूची घरात रोज गरज असते, म्हणून ती चांगली असावी असं वाटतं, म्हणून तिच्यावर नक्षी चढते. ही साखळी पहिल्या कडीपाशी तुटली तर पुढच्या कड्यांना कितीही तेल घातलं तरी ती हलत नाही. गोव्यातही हेच घडलं. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीजांसाठी जी कप्प्याकप्प्यांची कपाटं बनली, ज्यांना ते कॉन्तादोर म्हणत, त्यांच्यावर सागाच्या अंगावर काळ्या लाकडाची एकमेकांत गुंतलेली वर्तुळं आणि हस्तिदंताचे ठिपके बसवलेले आहेत. पायांच्या जागी कधी कधी नागिणी कोरलेल्या. ही कपाटं कागदपत्रं, मोहरा, रत्नं ठेवायला होती, म्हणजे दूरदेशी व्यापाऱ्याचं आणि अधिकाऱ्याचं ते रोजचं हत्यार होतं. त्या व्यापाराचे दिवस सरले तशी कपाटंही सरली. आज त्यांतली उत्तम कपाटं लिस्बन आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. त्यांची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. नवं कॉन्तादोर बनवायला सांगणारा कुणी नाही, कारण त्यात ठेवायचं काय, हा प्रश्नच उरलेला नाही.

यावर सर्वांत आधी येणारा आक्षेप हस्तिदंताचा. हस्तिदंत बंद झाला आणि कला मेली, असं सर्रास सांगितलं जातं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७५ पासून आशियाई हत्तीला मिळालेलं आंतरराष्ट्रीय संरक्षण, १९८९ चा आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावरच्या बंदीचा निर्णय आणि त्यापाठोपाठ १९९१ मधली आपल्या कायद्यातली दुरुस्ती, यांनी हा माल कायमचा बाद केला, आणि तो बाद होणं योग्यच होतं. सांबरशिंगालाही याच कायद्याचं कुंपण आहे. पण तारखा जुळत नाहीत. संग्रहालयांत आणि लिलावांत दिसणाऱ्या बॉम्बे बॉक्सपैकी बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. कायदा आला तेव्हा मुंबईच्या बाजारातून ती पेटी केव्हाच उठली होती; सुरतेत पेट्या करणाऱ्या मोजक्या घराण्यांनी साडेली धरून ठेवली होती, इतकंच. बंदीनं घाव घातला तो आधीच वाळलेल्या झाडावर. शिवाय साडेलीचं सारं सौंदर्य हस्तिदंतात नव्हतं. तिच्यातला पांढरा रंग उजेड आत घेऊन थोडा परत सोडायचा, हे खरं. प्लास्टिकचा पांढरा तो उजेड घेत नाही, आणि आजच्या पुष्कळ नमुन्यांत नक्षी सपाट, छापल्यासारखी दिसते ती त्यामुळे. मात्र हा दोष पर्यायी मालाचा नाही, नक्कल करण्याच्या हट्टाचा आहे. रायगडच्या जंगलात आणि परसात जे वाढतं त्यातच एक पुरी रंगपेटी आहे: शिसवीचा जांभळट काळा, खैराच्या गाभ्याचा तांबडा, फणसाचा हळदी पिवळा, सागाचा मधासारखा, आणि माडाच्या आडव्या छेदातले गडद ठिपके. पांढऱ्याच्या जागी पांढराच हवा असा आग्रह सोडला तर हस्तिदंताऐवजी वापरायच्या उंटाच्या हाडाचीही गरज पडू नये.

माल बदलूनही जडाव जगतो याचा पुरावा शोधायला परदेशी जावं लागत नाही. तो मिरजेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले काही जण तिथे तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. पंढरपूरकडचा भोपळा, तूनच्या लाकडाची दांडी आणि भोपळ्याचं तोंड झाकणारी तबली, हा तिथल्या तंबोऱ्याचा सांगाडा. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कौतुक स्वराचं होतं, जवारीचं होतं, ते बरोबरही आहे. पण त्या वाद्याच्या अंगावर जडावकाम आहे याकडे क्वचितच कुणी लक्ष देतं. भोपळा आणि तबली जिथे मिळतात तिथली पांढरी पट्टी बघावी. ती आधी हस्तिदंताची किंवा शिंगाची असायची, नंतर सेल्युलॉइडची झाली. सेल्युलॉइड तापवलं की मऊ पडतं आणि वळणावर बसतं. त्यावर रेघा, पानं, वेल कोरायचे, कोरलेल्या रेषांत काळा रंग भरायचा आणि वरचा घासून काढायचा, म्हणजे रेषा आत राहते. ही पट्टी शोभेची आहे आणि कामाचीही. ती सांधा झाकते आणि तबलीची नाजूक कड सांभाळते. हस्तिदंत गेल्यावर मिरजेच्या कारागिरानं उसासा टाकून हत्यार खाली ठेवलं नाही, कारण तंबोरा कुणाला तरी उद्याच्या मैफलीला हवा होता. वस्तूची मागणी होती, म्हणून तिच्यावरच्या नक्षीनं स्वतःचा मार्ग काढला. साडेलीला तसं ओढून नेणारं मुंबईत काही उरलं नव्हतं.

इथे कुणी पनवेलचंच चाक पुढे करील. चाकाइतकी गरजेची वस्तू कुठली? रबरी टायरची गाडी आली, ट्रक आले, आणि ती विद्याही गेली. मग गरजेच्या आधारावर उभ्या कलेची तरी काय शाश्वती? आक्षेप वजनदार आहे. मिरजेच्या माथ्यावरही तो टांगलेला आहे: इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलमधलं ॲप यांनी रियाजाच्या खोलीतला खरा तंबोरा किती तरी घरांतून बाहेर काढला. पण चाक आणि जडाव यांत फरक आहे. चाकाचं कसब एकाच वस्तूला बांधलेलं होतं. गाडी गेल्यावर आरे आणि पुठ्ठे दुसरीकडे कुठे न्यायचे? जडाव एका वाहनावरून उतरून दुसऱ्यावर चढू शकतो, आणि शिराझपासून मुंबईपर्यंतचा त्याचा इतिहास हा अशा उतरण्या-चढण्याचाच आहे. म्हणून एखादं वाहन मोडणं हे जडावाचं मरण नसतं. धोका तेव्हा असतो, जेव्हा मोडलेल्या वाहनालाच आपण परंपरा म्हणून कवटाळतो आणि नवं शोधत नाही. आजच्या हस्तकला प्रदर्शनांत साडेली दिसते ती छोट्या डब्यांवर, फोटोफ्रेमवर, निमंत्रितांना द्यायच्या भेटवस्तूंवर. काम अनेकदा उत्तम असतं. पण ती डबी घरी नेऊन काचेआड ठेवायची असते; वापरून तिची कड झिजत नाही, म्हणून दुसरी कुणी मागत नाही. मैसूरच्या शिसवी जडावाचंही थोडंफार असंच झालं आहे. राजवाड्याच्या दरवाजांवर ज्या हातानं लाकडात हस्तिदंत बसवला त्याच परंपरेचा हात आता भिंतीवर टांगायची निसर्गचित्रं करतो. चित्राशी स्पर्धा करायला गेलेला जडाव चित्रापुढे फिका पडणार, कारण लाकडाच्या रेषांना आकाशाचं आणि पाण्याचं सोंग घ्यावं लागतं. भौगोलिक मानांकन नावाचं रक्षण करतं आणि नकली माल अडवतं म्हणून ते हवंच. पण नक्षी कशावर बसावी हे ठरवणं त्याच्या कक्षेतलं नाही.

यंत्राचा आक्षेप मला तितका गंभीर वाटत नाही. पनवेलच्या आसपास, कळंबोलीपासून तळोज्यापर्यंत, आज फर्निचरच्या कार्यशाळांत प्लाय, एमडीएफ, सनमायका आणि संगणकावर चालणारं कोरीवकामाचं यंत्र आहे. यंत्र जाळी कोरतं, लेझर विनियरचे तुकडे कापतो, फूल पाकळीगणिक अचूक बसतं. याला जडाव म्हणायचं नाही, असं शुद्धतावादी म्हणतील. पण साडेलीची सारी युक्तीच एकदा जुळवून शंभरदा कापण्याची आहे. एका नक्षीच्या अनेक प्रती काढणं हे पाप असेल तर ते शिराझच्या कारागिरानं आधीच केलं आहे. इंग्लंडात टनब्रिज वेल्सच्या कारागिरांनीही एकोणिसाव्या शतकात लाकडी काड्यांच्या चकत्यांवरच धंदा उभारला होता. हाताचं मोल वेगळ्या जागी आहे. कुठली काडी कुठल्या काडीशेजारी ठेवली म्हणजे रंग उठेल, लाकडाचा रेषा-वळसा कुठल्या अंगानं घ्यावा, किती वाळल्यावर कापावं, हे ठरवणं यंत्राच्या फाइलीत नसतं. त्यातही कोकणातला पावसाळा हा सर्वांत कडक परीक्षक. जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. धातू तर पाणी पीतच नाही. साडेलीची चकती आडव्या छेदाची, म्हणजे ती दोन्ही दिशांनी फुगू पाहणार, आणि तिच्या शेजारचा कथलाचा त्रिकोण जागचा हलणार नाही. प्राण्याच्या कातड्या-हाडांचा सरस दमटपणात सैल होतो. जुन्या पेट्यांच्या कोपऱ्यांतल्या चांदण्या उडालेल्या दिसतात त्या यामुळे. चकती जितकी पातळ तितका तिचा फुगण्याचा जोर कमी, म्हणून जुने कारागीर ती पातळ कापत. आज पाण्याला दाद न देणारं चिकटद्रव्य कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. या एका बाबतीत आपण बर्डवुडच्या काळातल्या उत्तम कारागिराच्याही पुढे आहोत, आणि त्याचा उपयोग मात्र सनमायका चिकटवण्यापलीकडे फारसा केलेला नाही.

राहिला प्रश्न आपलेपणाचा. साडेली सुरतेची, पारशी-गुजराती घरांची, गिऱ्हाईक इंग्रज. मराठी माणसाचा तिच्याशी काय संबंध, असं विचारलं जातं. कुळाचा दाखला मागायचा तर साडेली सुरतेचीही राहत नाही, ती इराणची ठरते. आणि मराठी घराला लाकडात धातू बसवण्याचं वावडं कधीच नव्हतं. पितळी फुलं ठोकलेला सागवानी पाट, तसाच चौरंग, कड्यांचा झोपाळा, आरसा आणि करंडे पोटात घेणारी फणेरपेटी, या घरच्याच गोष्टी आहेत. फणेरपेटी ड्रेसिंग टेबलानं घालवली, पाट डायनिंग टेबलानं. पाट आता मुंजीत आणि लग्नात वर्षा-दोन वर्षांनी माळ्यावरून खाली येतो.

मग आजच्या मराठी घरात असं काय आहे, जे लाकडाचं आहे, रोज हाताळलं जातं, आणि ज्यावर खर्च करताना माणूस हात आखडत नाही? खारघर, कामोठे, नवीन पनवेल इथल्या इमारतींत एकामागून एक घरं पाहिली तर उत्तर एकच मिळतं: देवघर. बेडरूमची संख्या कमी-जास्त होते, देवघर असतंच. भिंतीवर टांगलेलं असो वा जमिनीवर उभं, त्याला खालचा एक खण असतो, वाती, कापूर, उदबत्ती, हळदकुंकू ठेवायचा. तो खण दिवसातून दोनदा उघडतो. आज या देवघराला बहुधा यंत्रानं कोरलेली जाळी असते, तिच्यावर पांढरा रंग आणि मागे दिवा. जाळीच्या कडा मऊ, सगळीकडे सारख्या. खोली जाणवत नाही, कारण एकाच जाडीच्या पाटीतून आरपार कापलेलं ते भोक असतं. जवळून बघण्यासारखं त्यात काही नसतं, आणि जवळून बघितली जाणारी घरातली एकमेव जागा तीच आहे. समईच्या उजेडात, हातभर अंतरावरून, रोज.

महाग पडेल, हा शेवटचा आक्षेप. हिशेब करून पाहावा. शिसव, खैर आणि फणस यांच्या तिधारी काड्या जुळवून सहा मिलिमीटर रुंदीच्या षट्कोनी चांदणीची अर्धा फूट, म्हणजे साधारण दीडशे मिलिमीटर लांबीची दांडी बनवली. एक मिलिमीटरची चकती आणि करवतीच्या पात्यात जाणारा अर्धा मिलिमीटर धरला तर त्या दांडीच्या शंभर चकत्या होतात. शेजारीशेजारी लावल्या तर साठ सेंटिमीटर, जवळपास दोन फुटांची पट्टी. लाकूड लागलं ते फर्निचरच्या कारखान्यात रोज भुशाबरोबर फेकून दिल्या जाणाऱ्या कापट्यांएवढं. खरी किंमत काड्या जुळवणाऱ्या हाताच्या दिवसांची, आणि दांडी हातभर लांब केली तर तेच दिवस तीन घरांत वाटले जातात. दोन फूट ही मध्यम देवघराच्या खणाची रुंदी.